सनद आधी की सुट्टी?

प्रश्न : यंदा एलएलबी झालो. पाच वर्षांच्या परीक्षांनी जीव मेटाकुटीला आलाय. वर्षभर थांबून मग वकिली सुरू करावी म्हणतो. मित्र सांगतात, आधी सनद काढून ठेव, तीन वर्षं मोजायला सुरुवात तरी होईल. वडिलांचं म्हणणं, वर्ष फुकट जाईल. खरं कुणाचं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : मित्रांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा ऐकलात तर अडचणीत याल.

दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व्हायचं तर किमान तीन वर्षांची वकिली हवी, असा निकाल सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये दिला. ही वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून धरायची, हेही त्यातच आहे. इथवर मित्र बरोबर. पण निकाल दाखलाही मागतो. तो त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायाधीशांनी द्यायचा, नाहीतर दहा वर्षं जुन्या वकिलाने देऊन त्यावर प्रमुख न्यायाधीशांची मोहोर घ्यायची. कपाटात पडून राहिलेल्या सनदेला असा दाखला कोण देणार? शिवाय सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत ऑल इंडिया बार परीक्षा पास व्हावं लागतं. आणि सनद घेऊन पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीत, तर बार कौन्सिलचा नियम आडवा येतो.

तेव्हा कोर्टात रोज जाणार नसाल तर सनदेची घाई करू नका. पदवी शिळी होत नाही. पंचेचाळिशी उलटलेल्यांना सनद नाही, असा नियम बार कौन्सिलने एकदा केला होता. सुप्रीम कोर्टाने तो १९९५ मध्येच मोडीत काढला. फी वाढेल ही भीतीही नको. जुलै २०२४ च्या निकालानंतर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये लिहिली आहे त्यापेक्षा जास्त फी घेता येत नाही : खुल्या प्रवर्गाला सहाशे अधिक दीडशे रुपये, मुद्रांक वेगळा.

आता वडिलांचं. मुंबईतल्या बड्या लॉ फर्ममध्ये जायचं असेल तर मधल्या वर्षाचा हिशेब विचारतील, उत्तर तयार ठेवा. तालुका कोर्टात तुमचा बायोडेटा कुणी मागत नाही. तिथे सिनिअर पाहतो ते एवढंच, की पोरगं तारखेला वेळेवर येतं का आणि त्याला सातबारा वाचता येतो का. हा दुसरा भाग कॉलेजात फारसा कुणी शिकवत नाही. वाटणीचा दावा उभा राहतो तो फेरफारांवर. कुठल्या नोंदीने कुणाचं नाव लागलं, कुणाचं कमी झालं, ‘इतर हक्क’ या रकान्यात काय पडून आहे, आठ-अ त्याच्याशी जुळतो का, हे एका जमिनीपुरतं तरी मागे मागे नेऊन पाहा. स्वतःच्या घरच्या जमिनीपासून सुरुवात करा. काय निघेल सांगता येत नाही! जमलं तर मोडी शिका. जुन्या खरेदीखतांसाठी आणि इनामाच्या कागदांसाठी मोडी वाचणारा माणूस शोधत फिरावं लागतं, आणि तो तरुण वकील असला तर पक्षकाराचे दोन हेलपाटे वाचतात.

फौजदारीकडे ओढा असेल तर दंडसंहिता आणि न्यायसंहिता शेजारी ठेवून वाचा. १ जुलै २०२४ च्या आधीच्या खुनाला ३०२, नंतरच्या खुनाला १०३. दोन्ही कलमं कोर्टात अजून बरीच वर्षं सोबत नांदतील.

यातलं काहीच न करता नुसती झोप काढायची असेल तर तीही काढा, पण सहा महिने पुरे.

वडिलांना दाखला द्यायचाच तर टिळकांचा देऊ नका. ते १८७९ मध्ये एलएलबी झाले, पुढच्याच वर्षी शाळा काढली आणि वकिली राहूनच गेली. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात स्वतःचा बचाव केला तो राजद्रोहाचे आरोपी म्हणून. आंबेडकरांचा दाखला बरा. बॅरिस्टर १९२२ मध्ये झाले, मुंबईत वकिली सुरू केली १९२३ मध्ये. मधल्या काळात ते डी.एस्सी.च्या प्रबंधात गुंतले होते, हे मात्र वडिलांनी विचारलं तर सांगावं लागेल.