मत्रहच्या डोंगरातले फुरसे

मस्कतमधल्या रियामच्या बागेजवळून निघणारी सी-38 ही पायवाट डोंगर ओलांडून मत्रहच्या जुन्या वस्तीत उतरते. उन्हाळा सरला की शुक्रवार-शनिवारी लोक मुलाबाळांसह ती चढतात. वाटेत ओसाड घरांच्या भिंती लागतात आणि वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या नदीपात्राच्या, तळाशी पाण्याची डबकी. डबक्यांपाशी बेडूक येतात आणि बेडकांच्या आशेने साप येतो. हाजर डोंगररांगेतल्या अशा वाद्यांमध्ये ओमानी फुरसे राहते. दिवसा ते कपारीत असते. अंधार पडल्यावर पाण्याच्या कडेला दगडाशी दगड होऊन पडून राहते. बसायला टेकू शोधणारा हात न बघता मागे गेला, तर तो फुरशावरच पडू शकतो.

कोकणातून आलेल्या माणसाला फुरसे नवे नाही. रत्नागिरीच्या कातळावर वाढलेल्यांनी लहानपणापासून दगड उचलताना आधी काठीने हलवून पाहिलेला असतो. ती सवय मत्रहमध्येही मोडू नये. मात्र इथे जातींचा हिशोब वेगळा आहे. महाराष्ट्रात माणसे दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांमुळे. ओमानात मण्यार नाही, घोणस नाही आणि आपला दहाचा आकडा मिरवणारा नागही नाही. उरते फुरसे. कोकणातल्या फुरशाचा जवळचा भाऊबंद इथल्या किनाऱ्यालगतच्या सपाट, झुडपी प्रदेशात आढळतो. डोंगरातले ओमानी फुरसे ही मात्र स्वतंत्र जात आहे. तज्ज्ञांनी तिला वेगळे नाव दिले ते थेट 2004 साली. तोवर ती दुसऱ्याच एका अरबी फुरशाच्या खात्यावर मोजली जात होती. हयात सापांत घालवलेल्यांना जिथे इतका काळ लागला, तिथे सहलीला आलेल्याने बॅटरीच्या उजेडात जात ठरवण्याची जबाबदारी स्वतःवर घेऊ नये.

मस्कतच्या सापांचा विषय एका मराठी डॉक्टरांच्या नावाशिवाय पुरा होत नाही. मुंबईचे आत्माराम सदाशिव जयकर (1844–1911) इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते आणि त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे मस्कतमध्ये गेली. रुग्ण तपासता तपासता त्यांनी इथले मासे, सरडे, साप गोळा केले आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला धाडले. ओमानची रानटी पहाडी बकरी, म्हणजे अरबी ताहर, आजही शास्त्रीय नावात जयकरांचे नाव वागवते. एक सरडा, एक समुद्रघोडा आणि एक सापही. प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजर यांनी 1888 मध्ये नामकरण केलेला हा साप, एरिक्स जयकरी, आपल्या मांडुळाच्या कुळातला आहे. डोळे डोक्याच्या अगदी वरच्या बाजूला, बाकी अंग वाळूत पुरलेले. तो पूर्ण बिनविषारी आहे.

आरोग्याच्या दृष्टीने अडचण इथेच सुरू होते. जयकरांचा साप लहान, वाळूच्या रंगाचा आणि रात्री फिरणारा. फुरसेही लहान, मातकट आणि रात्री फिरणारे. ‘विषारी सापाची बाहुली उभी असते’ हा मोबाइलवरून फिरणारा नियम लावला, तर हा गरीब साप विषारी ठरून मारला जातो, कारण मांडुळाच्या कुळात बाहुली उभीच असते. उलट नागाची बाहुली गोल असते आणि त्याचे डोकेही त्रिकोणी नसते. शिंगांवरून विषारी साप ओळखण्याचा नियमही असाच फसवा आहे: वाळवंटातल्या शिंगाळ्या सापांत काहींना शिंगेच नसतात. दाताच्या खुणांवरही विसंबता येत नाही. विषारी दंशात दोन टोचे दिसतील, एकच दिसेल किंवा नुसता ओरखडाही उठेल.

दुरून कळण्यासारखी एक खूण मात्र खरी आहे. डिवचलेले फुरसे अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासते. कडेच्या करवती खवल्यांमुळे त्यातून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचर आवाज येतो. तो ऐकू आला की पाय थांबवावा, साप कुठे आहे ते पाहावे आणि दोन-तीन मीटर मागे यावे. जमल्यास तिथूनच फोटो काढावा. साप मारून दवाखान्यात नेण्याच्या भरीस कुणी पडू नये. त्या झटापटीत दुसरा दंश होतो आणि छाटलेले डोकेही काही काळ चावू शकते.

दंश फुरशाचा असेल तर विष रक्तावर हल्ला करते. त्यातले एक द्रव्य रक्त गोठवणारी यंत्रणा एकदम चालू करते. त्यात गोठण्यासाठी लागणारा फायब्रिनोजेन खर्ची पडतो आणि मग रक्त गोठतच नाही. सूज आणि वेदना लवकर दिसतात. हिरड्यांतून रक्त, लघवीत रक्त, जुन्या जखमेतून पाझर मात्र काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतो. म्हणून ‘तासभर झाला, काही झाले नाही’ हा दिलासा खोटा असतो. दवाखान्यात सापाचे नाव सांगता आले नाही तरी उपचार अडत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ते 20 मिनिटे न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त पातळच वाहिले, तर विष अंगात भिनल्याचे कळते. ही साधी चाचणी पुन्हा पुन्हा करून लस आणखी द्यायची का, हेही ठरते. पहिली चाचणी चांगली आली तरी रुग्णाला किमान 24 तास देखरेखीखाली ठेवणेच योग्य.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत करायचे ते थोडके आहे. 9999 वर फोन करावा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, जोडवी लगेच काढावीत, कारण सुजेनंतर ती कापावी लागतात. हात किंवा पाय फळीला किंवा गुंडाळलेल्या वर्तमानपत्राला बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णाला उचलून न्यावे, चालवू नये. दोरी आवळून रक्त अडवणे, चिरा देणे, तोंडाने शोषणे, बर्फ लावणे, यातले प्रत्येक काम इजा वाढवते. फुरशाच्या दंशात आवळपट्टीने हात किंवा पायच गमावण्याची वेळ येते. दुखते म्हणून अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढतो. द्यायचेच तर पॅरासिटामॉल.

मुंबईहून येताना सर्पदंशाची लस सोबत आणावी का, असे काही घरांत विचारले जाते. आणू नये. भारतातली लस भारतातल्या चार सापांच्या विषापासून बनते. विष प्रदेशागणिक बदलते आणि लस त्या त्या विषाचीच लागते. घानामध्ये भारतीय बनावटीची लस वापरायला घेतल्यावर फुरशाच्या दंशाने मरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 2 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर गेल्याची नोंद आहे. अरबस्तानातल्या सापांसाठीची लस रियाधमध्ये बनते. शिवाय कोणत्याही लसीने जीवघेणी अ‍ॅलर्जी उठू शकते, तेव्हा ती घरी टोचण्याची वस्तूच नव्हे.

मत्रहच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशवर, फिरणाऱ्यांसाठी वेगळी खबरदारी. ओमानच्या समुद्रात विषारी समुद्रसाप आहेत. कोळ्यांच्या जाळ्यात ते येतात, कधी लाटांबरोबर किनाऱ्यावर पडतात. वाम माशाला कल्ल्याचे छिद्र असते आणि खवले दिसत नाहीत. समुद्रसापाला खवले असतात आणि शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते. निपचित पडलेला साप मेलेलाच असेल असे नाही, म्हणून मुलांनी तो काठीनेही उचलू नये. त्याचा दंश फारसा दुखत नाही. काही तासांनी अंग ठणकते, मान जड होते, पापण्या मिटू लागतात, लघवी काळपट होते. समुद्रसापाची लस निराळी असते, त्यामुळे दंश पाण्यात किंवा किनाऱ्यावर झाला, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.

खरीफच्या पावसात सलालाला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की त्या धोफार प्रांताची यादी आणखी वेगळी आहे. तिथे अरबी नाग आहे, त्याच्या फण्यावर दहाचा आकडा नसतो. आणि फुगून फुत्कारणारा, जाडजूड पफ अ‍ॅडरही आहे.

लस घेऊन घरी आलेल्या रुग्णाला 5 ते 14 दिवसांत ताप, अंगावर पित्त, सांधेदुखी होऊ शकते. हा लसीचाच उशिरा दिसणारा परिणाम असतो आणि औषधांनी तो आटोक्यात येतो. याच दिवसांत कुणी सुट्टीसाठी भारतात निघाले असेल, तर कोणती लस, किती कुप्या आणि कोणत्या तारखेला दिली, हे लिहिलेला डिस्चार्जचा कागद हातातल्या पिशवीत ठेवावा.