यंत्रावरील दहा राग

सायंकाळी सदाशिव पेठेतून जाताना एखाद्या घरातून भूप रागाचे स्वर कानी पडले, तर नवल वाटावयाचे नाही. गायनाच्या वर्गात आरंभी जे राग शिकवितात, त्यांपैकीच तो एक. हाच राग १९८२ साली मुंबईच्या एका वादकाने विजेच्या यंत्रांवर, नाचाच्या ठेक्यात वाजविला. हा केवळ पोरखेळ होता, की त्यात शिकण्यासारखे काही आहे, ह्याचा आज विचार करू.

हे वादक चरणजितसिंग होत. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी ह्या कामी तीन जपानी यंत्रे योजिली. ‘ज्युपिटर-८’ ह्या कळफलकाच्या वाद्यातून एका वेळी आठ स्वर निघत. ‘टीआर-८०८’ ठेका धरी. ‘टीबी-३०३’ खालच्या सप्तकातील स्वरांची माळ फिरवी. ह्या तिसऱ्या यंत्रात सोळा घरे असतात. प्रत्येक घरात एक स्वर ठेवावयाचा, सोळावे घर संपले की पुन्हा पहिले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचीही सोय त्यात आहे. ती ऐकून मींड आठवते.

सोळा म्हटल्यावर कोणास त्रिताल आठवेल. परंतु दोन्ही एक नव्हेत. त्रितालाच्या सोळा मात्रांना टाळी आहे, खाली आहे. यंत्राची सोळा घरे म्हणजे चार ठोक्यांचे प्रत्येकी चार भाग. तेथे खाली नाही.

तबकडीवर भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी असे दहा राग आहेत. भूपात मध्यम व निषाद वर्ज्य, मालकंसात ऋषभ व पंचम वर्ज्य, हे यंत्रास ठाऊक नसते. ते वादकासच ठाऊक असावे लागते. यंत्र स्वर देईल, विवेक देणार नाही.

ह्यावर जाणकारांचा आक्षेप असा की, कळफलकाचे बारा स्वर ठरलेले. श्रुतींची सूक्ष्मता तेथे कोठून येणार? आक्षेप खोटा नव्हे. ह्याच कारणास्तव हार्मोनियमला भारतीय नभोवाणीवर १९४० साली बंदी झाली, व ती १९७१ पर्यंत टिकली. तथापि पेठेतील भरत नाट्य मंदिरात नाट्यगीत ऐकणाऱ्या रसिकांस पेटीची वा ऑर्गनची साथ परकी वाटत नाही. वाद्याची मर्यादा ओळखून त्याचा उपयोग करणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

ती तबकडी त्या काळी फारशी खपली नाही. पुढे १९८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात ‘फ्यूचर’ नामक मंडळींनी त्याच ‘टीबी-३०३’ यंत्रावर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना प्रसिद्ध केली, आणि त्या धर्तीचे नृत्यसंगीत जगभर पसरले. शिकागोकरांनी मुंबईची तबकडी ऐकली होती असे मानण्यास आधार नाही. परंतु २०१० साली ती पुनः प्रकाशित झाली, तेव्हा असे संगीत येथे पाच वर्षे आधीच झाले होते हे पाहून परदेशी रसिक थक्क झाले. चरणजितसिंग २०१५ साली निवर्तले. आपल्या कामाचा गौरव त्यांना उतारवयात का होईना, पाहावयास मिळाला.

मुलांनो, ‘भूपाळी’ मिळवून अवश्य ऐका. मध्यम आणि निषाद कोठे डोकावतात काय, हे स्वतःच्या कानांनी पारखा, आणि मगच बरेवाईट मत द्या.