संगणक क्षेत्र : नोकरी आणि निर्मिती

संगणक शिकायचा तो मोठ्या कंपनीत लागण्यासाठी, असे समीकरण आपल्या घराघरांत रूढ झाले आहे. १९६८ ची टीसीएस, १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस यांनी परदेशी ग्राहकांची कामे करून लाखोंच्या चुली पेटवल्या, हे नाकारता येणार नाही. परंतु या धंद्यात मुख्यतः माणसांचे तास विकले जातात. लिहिलेल्या सॉफ्टवेअरची मालकी बहुधा ग्राहकाकडेच जाते. शिवाय महाविद्यालयातूनच मुलांची घाऊक भरती होत असल्याने लहान, नव्या कंपनीला चांगला माणूस मिळत नाही. मिळाला तरी टिकत नाही.

पुण्यातच वेगळे उदाहरण आहे. दहावीपर्यंत शिकलेले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे बंधू संजय यांनी संगणकातील व्हायरसवर उतारा लिहिला. तोच ‘क्विक हील’. एकदा लिहिलेली वस्तू हजारोंना विकता येते, हे त्यातले मर्म. २०१६ साली कंपनी शेअर बाजारात आली.

पण तोवर घर कोणी चालवायचे? ज्याच्या घरात पहिलाच पगार येणार आहे, त्याने नोकरी धरली तर त्याला भित्रा म्हणू नये. मात्र सुट्टीत स्वतः लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर हक्क कोणाचा, हे करारपत्रात सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.