आधी झाकण उघड, मग किंमत लाव

पोरी, पुण्याला नोकरी लागली, कंपनीनं लॅपटॉप दिला, आता घरच्या डेस्कटॉपचं काय करायचं असं तू विचारलंस. सोलापुरात हा प्रश्न घरोघरी आहे. मुलं हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातात आणि टेबलावरचं मशीन मागे राहतं. आधी त्यावर कापड पडतं, मग कापडावर वर्तमानपत्रांची चळत, आणि शेवटी ते उचलायला भंगारवाला येतो. टायपिंगचा क्लास चालवताना मी बरीच मशीन घेतली, दुरुस्त करून वापरली, विकली, कुणाकुणाला देऊनही टाकली. त्यावरून सांगते, विकलंस तरी चालेल, ठेवलंस तरी चालेल, पण पडून राहू देऊ नकोस. महिन्याभरात काय ते ठरव.

आणि मशीन स्लो झालंय एवढ्यावरून विकायला काढू नकोस. आधी झाकण उघड. आपल्या गावात यंत्रमाग आहेत, पूर्व भागात तर घराला लागून माग चालतात, आणि चादरी-टॉवेलच्या सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. सीपीयूतला पंखा ते दिवसरात्र आत ओढतो. मशीन बंद करून वायर काढ, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धर म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल, आणि ते गॅलरीत ने. मागचे दोन स्क्रू काढलेस की बाजूचा पत्रा सरकतो. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्या मध्ये बघ. राखाडी रंगाचा सलग थर जमलेला दिसेल, जुन्या टॉवेलचा तुकडा कापून बसवावा तसा. चिमटीत धरलास की अख्खा निघून येतो. त्या थरातून हवा जात नाही, प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ अंशांवर गेला की हे हटकून होतं. लोक म्हणतात कॉम्प्युटर म्हातारा झाला. त्याचा बिचाऱ्याचा श्वास कोंडलेला असतो.

रंगाचा कोरडा, मऊ ब्रश घे. ब्लोअरनं हवा मारणार असशील तर पंख्याचं पातं बोटानं अडवून धर. हवेच्या जोरानं पंखा भलत्या वेगानं फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. ओलं फडकं लावायचं नाही, तोंडानं फुंकायचं नाही, फुंकेत थुंकीचा ओलावा असतो. पंखा खोललासच तर खालची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लाव, छोटी ट्यूब मिळते. दर वेळी सुरू केल्यावर तारीख-वेळ चुकत असेल तर तो बोर्डावरचा बटणासारखा सेल आहे, सीआर २०३२. किरकोळ वस्तू आहे, तेवढ्यावरून मशीन बिघडलंय असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. बोर्डावरचे छोटे डबे, कपॅसिटर म्हणतात त्यांना, डोक्यावर फुगलेले दिसले तर मात्र सावध हो. अशा बोर्डावर पैसे घालायचे नाहीत.

एवढं झालं की मशीनचं वय बघ. वय बिलावरच्या तारखेवरून धरू नकोस, प्रोसेसरच्या आकड्यावरून धर. आय५-६५०० असेल तर सहावी पिढी, ८४०० असेल तर आठवी, १०४०० असेल तर दहावी. ही आठवी पिढीच सध्या उंबरठा आहे. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची मशीन लागतात, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. जुन्या मशीनवरही काही जण जुगाड करून विंडोज ११ चढवून देतात. तसं मशीन विकायचं तर घेणाऱ्याला स्पष्ट सांगून विक. आठवी किंवा पुढची पिढी असेल आणि तुझ्या घरात त्याला काम नसेल, तर वाट कशाची बघतेस? आजच विक. सातवी किंवा मागची असेल तर हातात फारसं काही पडणार नाही. अशा मशीनची किंमत ते घरात करत असलेल्या कामावर ठरते.

किंमत किती झपाट्यानं उतरते ते हिशेबाच्या वहीत दिसतं. प्राप्तिकरात कॉम्प्युटरवर दरसाल ४० टक्के घसारा धरतात. पन्नास हजारांचं मशीन पहिल्या वर्षाअखेर ३०,०००, मग १८,०००, मग १०,८००, आणि पाचव्या वर्षाअखेर ३,८८८. बाजार या आकड्यावर चालत नाही, पण उताराची कल्पना येते. म्हणून ‘दिवाळीत बघू’ म्हणू नकोस. जून ते ऑगस्टमध्ये कॉलेजचे प्रवेश होतात, तेव्हा गिऱ्हाईक असतं. दिवाळीत ज्याच्या हातात पैसे येतात तो नवं बघतो.

एक गोष्ट सध्या उलटी चालली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी वाढल्यानं २०२५ च्या अखेरीपासून रॅम चांगलीच महागली. म्हणून अख्ख्या मशीनचा भाव ठरवण्याआधी आत डीडीआर ४ रॅम किती आहे ते बघ आणि नुसत्या रॅमला काय मिळेल ते दोन दुकानांत विचार. डीडीआर ३ असेल तर ती नव्या बोर्डात बसत नाही, तिची आशा धरू नकोस.

मॉनिटर विकू नकोस. सीपीयूबरोबर तो गेला की त्याचे म्हणून वेगळे पैसे कुणी देत नाही, आणि लॅपटॉपवर वाकून आठ-आठ तास काम करून तुझी मान धरेल तेव्हा तोच हवासा वाटेल. एचडीएमआय असेल तर सरळ लॅपटॉपला जोडता येतो, नुसतं व्हीजीए असेल तर मध्ये ॲडॅप्टर लागतो. काचेचा जुना जाड मॉनिटर असेल तर तो मात्र ठेवण्यात अर्थ नाही, वीजही बरीच खातो.

विकण्याआधी एक खात्री कर. या मशीनवर असं काही चालतं का, जे दुसरीकडे चालणार नाही? आमच्या क्लासजवळ लग्नपत्रिका करणारे एकजण होते. जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, मागे डोंगल लावल्याशिवाय ते उघडायचं नाही. नवं मशीन आल्यावर त्यांनी जुनं डोंगलसकट देऊन टाकलं. पुढे जुनी गिऱ्हाइकं आली, ‘थोरलीच्या पत्रिकेसारखीच धाकटीची करा’ म्हणाली, तर फाइल उघडल्यावर नुसती चिन्हं. सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. युनिकोडच्या आधीचा मराठी मजकूर, टॅलीचा जुना डेटा, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, हे सगळं नव्या मशीनवर उघडून बघ. उघडलं, छापलं, की मगच जुन्याला रजा दे.

हार्डडिस्क तर मशीनबरोबर द्यायचीच नाही. डिलीट केलं, रिसायकल बिन रिकामी केली, साधं फॉरमॅट मारलं, तरी माहिती परत काढता येते. तुझ्या बाबांच्या आधारची प्रत, बँकेची स्टेटमेंटं, आजीचे फोटो त्यात आहेत. डिस्क काढून ठेव, यूएसबीचं केसिंग घेतलंस की तीच बॅकअपला वापरता येते. एसएसडीसकट विकायचं असेल तर विंडोजच्या रीसेटमध्ये सगळं काढून टाकायचा पर्याय निवड आणि ड्राइव्ह साफ करायचं सेटिंग चालू कर. वेळ लागतो, रात्री लावून झोप. त्याआधी गुगल खात्यातून बाहेर पड, ब्राउझरमधले पासवर्ड काढ.

गिऱ्हाइकाला मशीन चालू करून दाखव, अर्धा तास चालू दे, त्याला आत बघू दे. पैसे आले म्हणून तो स्क्रीनशॉट दाखवेल, त्यावर जाऊ नकोस, आपल्या बँकेच्या खात्यात बघ. फोनवरून न बघताच ‘घेतलं’ म्हणणारा आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड पाठवणारा भेटला तर फोन ठेव. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. कुणी फसलंच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. आणि विक्रीची साधी चिठ्ठी कर. तारीख, सिरीयल नंबर, रक्कम, घेणाऱ्याचं नाव, दोघांच्या सह्या. मूळ बिलाची झेरॉक्स त्याला दे, त्यानं भावही बरा येतो.

देऊन टाकायचं मनात असेल तर टायपिंग शिकणारी पोरं बघ. राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी परीक्षा देणाऱ्याला मिनिटाला तीस शब्दांचा वेग आणायचा असतो, आणि क्लासमधल्या एका तासानं तो येत नाही. घरी कीबोर्ड असला तर येतो. मोबाइलवर टायपिंगची बोटं बसत नाहीत, हे मी इतकी वर्षं डोळ्यांनी पाहिलंय. सहाव्या पिढीचं मशीनही अशा सरावाला पुरतं.

अगदीच गेलेलं मशीन असेल तर दारावरच्या भंगारवाल्याला घालू नकोस. तांब्यासाठी वायरी जाळतात, त्या धुरात लहान पोरं उभी असतात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांनुसार असा माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. कंपनीच्या संकेतस्थळावर जुना माल कुठे द्यायचा ते दिलेलं असतं. यूपीएसची बॅटरी शिशाची असते, ती बॅटरीच्या दुकानात दे, नवीवर काही रक्कम वजा करतात.

आता तुझ्या मशीनचं. ते सहाव्या पिढीचं आहे, विकून काही मोठं हाती येणार नाही. तुझे बाबा त्यावर सोसायटीचा हिशेब ठेवतात, सातबारा काढून छापतात, आणि मोठ्या पडद्यावर तुझ्याशी बोलतात. मी असते तर ठेवलं असतं. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी घालून घे, साध्या साटाच्या जागी बसते, आणि फरक त्यांना पहिल्याच दिवशी कळेल. विंडोज १० वर बँकेचे व्यवहार त्यांना करू देऊ नकोस, त्यासाठी लिनक्स मिंट घाल, फुकट आहे आणि मराठी कीबोर्डही त्यात येतो. फक्त त्यांचा प्रिंटर त्यावर चालतो का ते आधी पेनड्राइव्हवरून सुरू करून बघ. नाही चाललं तर मला फोन कर, विंडोज आणि मिंट दोन्ही शेजारी कसं ठेवायचं ते सांगते.