खिशातला भोंगा

पूर्वी निवडणूक आली, की गावात जीप फिरे, भोंगा वाजे. आता भोंगा खिशात आला आहे. 20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचे मतदान झाले. नांदेडला त्याच दिवशी लोकसभेची पोटनिवडणूकही होती. नांदेड-लातूरकडे व्हॉट्सॲप, फेसबुकवरून प्रचार घरोघर पोचला.

हा प्रचार फुकट नसतो. त्याचा खर्च उमेदवाराला निवडणूक आयोगाला दाखवावा लागतो.

मंडळी, फोनवर आलं म्हणजे खरंच, असं धरू नका. कोणी पाठवलं? केव्हाचं आहे? हे बघा. 'मतदानाची तारीख बदलली' असा निरोप आला, तर 1950 या नंबरावर विचारा. जातीजातींत भांडण लावणारा मजकूर पुढं धाडू नका.

सांगा : प्रचाराचा खर्च कोणाला दाखवावा लागतो?
लिहा : मत, फोन, निरोप, खर्च.