गॅमा किरण स्फोटांची क्ष-किरण पश्चदीप्ती

अवकाशातील अणुस्फोटांना बंदी घालणारा करार १९६३ साली झाला. त्याचे पालन होते की नाही, हे पाहण्यासाठी अमेरिकेने 'वेला' नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी या उपग्रहांना गॅमा किरणांचा एक तीव्र लोळ आढळला. तो अणुस्फोटाचा नव्हता, तसाच पृथ्वी किंवा सूर्याकडूनही आलेला नव्हता. अशा सोळा स्फोटांची माहिती १९७३ साली प्रसिद्ध झाली आणि खगोलशास्त्रात एका नव्या कोड्याची भर पडली.

अंतराचा प्रश्न

हे स्फोट काही सेकंदांतच विझत. गॅमा किरण आरशाने एकत्रित करता येत नसल्याने त्यांची आकाशातील जागाही अचूक सांगता येत नसे. १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने अडीच हजारांहून अधिक स्फोट नोंदविले. ते आकाशात सर्व दिशांना सारखेच विखुरलेले होते. परंतु त्यांचे उगम आपल्या आकाशगंगेभोवती आहेत की अब्जावधी प्रकाशवर्षे दूर आहेत, हा वाद मिटला नाही. अंतर कळल्यावाचून स्फोटाची खरी शक्ती कळणे अशक्य होते.

क्ष-किरणांनी दाखविलेली वाट

क्ष-किरणांच्या बाबतीत ही अडचण काही अंशी दूर होते. तळ्याच्या पाण्यावर तिरपा फेकलेला चपटा खडा जसा टप्पे घेत जातो, तसे क्ष-किरण गुळगुळीत धातूच्या पृष्ठभागावर अगदी तिरपे पडले असता परावर्तित होतात. म्हणून त्यांची दुर्बीण करता येते. मात्र वातावरण ते शोषून घेत असल्याने ती अवकाशातच न्यावी लागते.

इटली व नेदरलँड्स यांचा 'बेप्पोसॅक्स' हा उपग्रह १९९६ साली सोडण्यात आला. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी त्याने एक स्फोट टिपला. सुमारे आठ तासांनी त्याच्या क्ष-किरण दुर्बिणी त्या दिशेला वळविण्यात आल्या, तेव्हा तेथे एक नवा स्रोत दिसला. साडेतीन दिवसांनी पुन्हा पाहिले असता त्याचे तेज सुमारे वीसपट घटलेले होते. स्फोट विझल्यावरही मागे राहणारी ही पश्चदीप्ती प्रथमच दिसली होती. तिने दाखविलेल्या जागी दृश्य प्रकाशातही मंदावत जाणारा स्रोत सापडला. त्याच वर्षी ८ मे रोजीच्या स्फोटाच्या पश्चदीप्तीचा वर्णपट केक दुर्बिणीने घेतला आणि त्या प्रकाशाचा प्रवास सुमारे सात अब्ज वर्षांचा असल्याचे सिद्ध झाले. तीस वर्षांचा वाद मिटला.

दीप्तीचे कारण

प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळून, किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून, प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोहोचणारा द्रव्याचा झोत बाहेर पडतो. तो भोवतालच्या विरल वायूवर आदळताच आघात-तरंग निर्माण होतो. त्यात वेग घेतलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना प्रारण सोडतात. झोत मंदावतो, तसे हे प्रारण क्ष-किरणांकडून दृश्य प्रकाशाकडे व अखेर रेडिओ लहरींकडे सरकते. १९९७ च्या त्या पहिल्या पश्चदीप्तीत स्फोटापासूनचा काळ दहापट वाढला की तेज सुमारे वीसपट घटे.

२००४ साली सोडलेला 'स्विफ्ट' उपग्रह मिनिट-दोन मिनिटांत स्फोटाकडे वळू शके. त्याच्या निरीक्षणांतून असे दिसले की, तेज प्रथम झपाट्याने उतरते, मग काही काळ जवळजवळ स्थिरावते व नंतर पुन्हा घटू लागते. मधूनच क्ष-किरणांच्या भडक्याही उठतात. त्यावरून स्फोटाचे केंद्र दीर्घकाळ ऊर्जा पुरवीत असावे, असे मानले जाते. १७ ऑगस्ट २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनानंतर मात्र क्ष-किरण नऊ दिवसांनी प्रथम दिसले व कित्येक आठवडे वाढतच गेले. झोत पृथ्वीच्या रोखाने नव्हता, हे त्याचे कारण होय.

भारताचा वाटा

भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी 'ॲस्ट्रोसॅट' अवकाशात पाठविला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याचे 'आयुका' यांचा सहभाग असलेल्या त्यावरील एका उपकरणाने ६ ऑक्टोबर रोजी, काम सुरू केल्याच्या पहिल्याच दिवशी, गॅमा किरण स्फोट टिपला. पश्चदीप्तीचा अखेरचा रेडिओ टप्पा नारायणगावजवळील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने अभ्यासला आहे. अण्वस्त्रांवरील पहाऱ्यातून योगायोगाने हाती आलेला हा धागा आज ताऱ्यांच्या मृत्यूचा उलगडा करीत आहे.