रस्त्याची किंमत कोण मोजतो?

मुंबई-गोवा महामार्ग आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला उत्तर-दक्षिण छेदून जातो. कशेडी घाट उतरला की खेड, पुढे चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर. पूर्वी त्याचा क्रमांक १७ होता, आता ६६ आहे. चौपदरीकरणाचे काम २०११ साली पनवेलच्या बाजूने सुरू झाले आणि एका तपाहून अधिक काळ रेंगाळले.

रस्ताच नको, असे म्हणणे आपल्या समाजाला परवडणारे नाही. १९०१ साली परमपूज्य बाबासाहेब, त्या वेळी नऊ-दहा वर्षांचे, भावंडांसह मसूर स्थानकावर उतरले. जात कळताच गाडीवाले त्यांना नेईनात. अखेर दुप्पट भाडे कबूल करून मुलांनी स्वतः गाडी हाकायची, असे ठरले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. एस. टी.चा वाहक तिकीट विचारतो, जात विचारत नाही. वाडीवरची मुले कॉलेजपर्यंत पोहोचली, त्यात या लाल गाडीचा वाटा मोठा आहे.

पण रस्त्याचा खर्च केवळ डांबर आणि डिझेल यांचा नसतो. वाहन ज्याचे नाही, प्रवास ज्याने केला नाही, त्याच्यावर पडणाऱ्या भाराला अर्थशास्त्रात 'बाह्य खर्च' म्हणतात. धूर, धूळ, कर्णकर्कश हॉर्न, तुटलेला डोंगर, मोडलेला पाय हे सारे त्यात येते. गाडीमालकाच्या हिशेबात यातले काहीच दिसत नाही.

आकडेच पाहू. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. म्हणजे रस्ता रुंद होतो मोटारींसाठी आणि जीव जातो तो बहुधा मोटार नसलेल्याचा. चौपदरी रस्त्यापलीकडे शाळा आणि अलीकडे वाडी असेल, तर लहान मुलाने तो कसा ओलांडावा, हा प्रश्न आराखड्यावर आधी यायला हवा. आमच्या मते तो शेवटी येतो, तोही अपघात झाल्यावर.

निसर्गाचा हिशेब कोकणात पावसाळ्यात चुकता होतो. डोंगराचा पायथा उभा कापला आणि वरची झाडे गेली की पाणी मुरून माती सैल होते. परशुराम घाटात हेच घडले. रस्त्यावर दरडी आल्या, पायथ्याच्या पेढे गावातील घरांना धोका निर्माण झाला. २०२२ च्या उन्हाळ्यात घाट दुपारच्या वेळी बंद ठेवून काम करावे लागले. जुन्या बांधकामांकडे दुर्लक्ष केले तर काय होते, हे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दिसले. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या आपल्याच जिल्ह्यातल्या दोन एस. टी. गाड्या पुरात गेल्या. तिथून जवळच, महामार्गावरून दिसणारी गांधारपाले लेणी आजही उभी आहेत.

सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले ते माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून, असे दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात कोरलेले आहे. संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात झाडे लावणारा आणि पूल बांधणारा यांचे पुण्य एकत्रच सांगितले आहे. चौपदरीकरणात आपण जुनी झाडे तोडली आणि त्या जागी किती जगवली, हे प्रत्येक गावाने मोजून पाहण्यासारखे आहे.

मालवाहतूक रुळावर गेली तर हा भार बराच हलका होतो. कोकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. १९९९ पासून ती भरलेले ट्रकच वाघिणीवर चढवून नेते. तेवढेच ट्रक घाटातून कमी.

विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट मात्र आत्ताच पाठ करून ठेवावी. धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा पत्ता लागला नाही, तरी मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये भरपाई मिळू शकते. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम लागू आहे. अर्ज त्या भागातील प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात चौकशी करून करावा. २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजनाही आहे. आपल्या वाड्यांतून पुष्कळांना हे ठाऊक नसते. अर्जाचा एक कोरा नमुना मंडळाच्या कपाटात ठेवावा आणि तो भरता येईल असे दोघे-तिघे तरी तयार असावेत.